आईची नक्कल

“आता तुझ्या आईचं करून दाखव.”

ठेकेदार म्हणला. आख्खं गाव त्याला अण्णा म्हणतंय, मीबी म्हणत होते. येळवस होती, वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळे रानात जेवतेत, आन रानात आलेल्या माणसाला कुणी उपाशी पाठवत न्हाई. अण्णाच्या तुरीच्या कडंला सतरंज्या हातरलेल्या. पन्नासएक माणसं भज्जी-उंडे खाऊन, आंबील पिऊन सैल होऊन बसलेली. आम्हालाबी वाढले. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडं बसवून वाढले, तेवढंच.

मी दहावीला होते. नकला करायची. कन्नडच्या मास्तरांचं करायची. महाराष्ट्राची गाडी दिसली की एकदम पुस्तकातली मराठी बोलणाऱ्या गाणगापूरच्या लॉजवाल्याचं करायची. भालकी स्टँडवरच्या कंडक्टरचं तर एका दमात करायची, “उदगीर उदगीर लातूर, चढा की ओ अक्का, गाडी काय तुमच्या माहेरची हाय का, लाजायलाव कामून.” त्या दिवशी हे सगळं करून झालं. लोक पोट धरून हसायलेते. तवा अण्णा म्हणला, आईचं कर.

मी केले.

कामून केले, ते आजबी नीट सांगता येत न्हाई. पन्नास माणसं आपल्यामुळं हसायलीत म्हणल्यावर डोकं जाग्यावर राहत न्हाई. पदर लोंबता सोडला. एक पाय हिकडं, एक तिकडं. जीभ जड केली. “माझी लेक कुठाय रे. माझी लेक साहेब होणार हाय.” धुऱ्याच्या हिकडचे हसले, तिकडचेबी हसले. अण्णाची बायको तोंडाला पदर लावून म्हणली, अगदी तश्शीच करती गं.

आई बोअरपाशी भज्जीची मोठी पातेली घासायली होती. कोपरापर्यंत राख. हात थांबवून तिनं सगळं बघितलं. आन ती पण हसली.

घरी येताना वाटंवर ती म्हणली, “लई भारी केलीस. पर एक ऱ्हायलं बघ.”

म्हणलं, काय?

“पिल्यावर मी हात हुंगते. ते केली न्हाईस.”

मी सगळ्या गावाचं सगळं टिपायची. मास्तर खडू कुठल्या कानात खुपसतो, ते पण. आन आईचं हे मला दिसलंच न्हवतं. इचारलं, कामून हुंगतीस? ती पदराला हात पुसली. मग म्हणली, “अक्काचा वास जात न्हाई.”

अक्का म्हणजे आमच्या शेजारची. आईची जीवाभावाची. शनिवारी माझी वेणी तीच घालायची.

आई दवाखान्यात झाडायला होती, अण्णाच्या ठेक्यावर. रोग आला त्या साली बायकांच्या मढ्याला बाप्यांनी हात लावायचा न्हाई, म्हणून ते काम आईवर आलं. पुसायचं, गुंडाळायचं, बांधायचं. हातमोजे चार दिवस आले, मग यायचे बंद झाले. पाकिट मात्र रोज यायचं. पाकिट म्हणजे दारूचं, नव्वद मिलीचं. लेकरं रस पितेत तसला कागदी डबा असतो, नळी खुपसायची आन ओढायचं. आईनं त्याच्या आधी कधी तोंडाला लावली न्हवती. पयल्या दिवशी ओकली म्हणं.

मी एकदा भाकर घेऊन गेटावर गेलते, तवा डोळ्यानं बघितलंय. अण्णा दहा हात लांब उभा. नाकाला रुमाल. पाकिट दोन बोटांत कोपऱ्याला धरलेलं. ते कठड्यावर ठेवला आन मागं सरला. आई पुढं जाऊन घेतली.

एक दिवस कापड बाजूला केलं तर अक्का होती. आईनं तिला पुसलं, बांधलं. तोंड कुणाला दाखवायचं न्हवतं. तिच्या लेकाला लांबनं सांगितलं, हीच हाय. त्या दिवशी आई एक पाकिट मागून घेतली.

रोग गेला. पाकिट न्हाई गेलं. आता ते ती स्वतः आणायची. सकाळी तिचे हात असे कापायचे की सुईत दोरा जायचा न्हाई. भाकर थापता थापता थांबायची, म्हणायची, गाठ लई आवळली का गं मी, तिला दम लागला असंल. कुणाला, म्हणलं की भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा म्हणली, मी बी त्यांच्यासंगं गेले असते तर बरं झालं असतं. मी लगेच कंडक्टर झाले, “न्हाई न्हाई अक्का, गाडी फुल हाय.” ती हसली. मला वाटलं, भागलं. एवढी अक्कल होती मला.

गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बाईच्या जातीला शोभतं का. तेच काम करणारे चार बाप्येबी प्यायचे, आजबी पितेत. त्यांची नक्कल करून दाखव असं मला कुणी म्हणलं न्हाई.

दुसऱ्या साली येळवस आली. परत अण्णाचं रान, परत बोलावणं. आई त्याच्याच हाताखाली, न्हाई कसं म्हणणार. जेवणं झाली. कंडक्टर झाला, मास्तर झाले. मग अण्णा मांडीवर थाप मारून म्हणला, आता आईचं.

मी उठले. पोट पुढं काढले. रुमालाची घडी नाकाला लावले. दोन बोटांत एक पत्रावळीचा तुकडा कोपऱ्याला धरले आन दहा पावलं मागं सरून अण्णाच्या आवाजात म्हणले,

“घे. आधी हे पी. मग हात लाव. आन घरी काय सांगू नको.”

पयल्यांदा लोक हसले. अण्णाच होता हुबेहूब, हसणारच की. मग एकेकाचं हसणं खाली बसलं. दवाखान्यातली माणसं तिथंच होती, त्यांना म्हाईत होतं. मी परत केले. तेच, तसंच.

अण्णा म्हणला, “बस कर पोरी.”

मी त्याच आवाजात म्हणले, “बस कर पोरी.”

तवर आई बोअरपासनं आली. हात ओले. मला वाटलं, आता मुस्काटात बसती. माझ्याकडं बघितलीच न्हाई ती. अण्णाकडं बघून म्हणली, “व्हय अण्णा. असंच म्हणले होते तुम्ही.”

पातेली तशीच टाकून आम्ही निघालो.

आठवड्यात आईला कामावरनं काढले. पिऊन येती म्हणून.

आता मी कॉलेजला हाय. आईला बिदरला मनाच्या डॉक्टरकडं नेते. ते म्हणले, हा आजार हाय, लाज न्हाई. गोळ्या चालू हायेत. सुटली का म्हणून इचारू नका. वीस दिवस न पिता ऱ्हाती, मग एक दिवस पिती. मग मला तोंड दाखवत न्हाई. मी खोटं सांगणार न्हाई.

गेल्या म्हैन्यात आम्ही अर्ज लिहिला. कामावर असताना पाजली, हातमोजे दिले न्हाईत, आन त्याच पिण्यावरनं काढून टाकले. आईनं सही केली. वाकडी झाली. तालुक्याच्या हापिसात दिला तर टेबलावरला साहेब सहीकडं बघितला, आईकडं बघितला आन बाजूच्याला डोळा मारला. म्हणला, “ही सही पिऊनच केलीस का गं?”

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

“व्हय साहेब. पिऊन मढी बांधली तवा चाललं. आता सहीबी चालवा.”

शिक्का पडेपर्यंत आम्ही तिथल्या बाकड्यावरनं उठलो न्हाई. तीन तास लागले. उत्तर अजून आलेलं न्हाई. सोमवारी परत जाणार हाय. त्याच्या पुढच्या सोमवारी पण. ती पिलेली असली तर पिलेलीला घेऊन जाणार हाय.