सगुणाची बाज

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला शाळेत सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. धाकटा भाऊ सुभाष एवढंच म्हणाला, "ताई, सुटलं गं नाना." अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की गावाकडं असंच म्हणतात. अकरा महिने नाना एका बाजेवर पडून होते, उजवं अंग गेलेलं, बोलणं बोबडं. तरी मला राग आला. सुटलं म्हणजे काय? ती बाज मुळात कुणासाठी केलेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. महिनाभरानं लिहायला बसले आहे, तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागणार.

नाना माझे थोरले चुलते. लग्न केलं नाही. उमेदीची वर्षं पलटणीत, घोड्यांच्या पागेत काढली आणि पेन्शनवर फलटणजवळच्या आमच्या गावी आले ते एक तरणी पांढरी घोडी घेऊन. तिचं नाव सगुणा. सकाळी तिच्यावर बसून कॅनॉलच्या कडेनं रपेट मारायचे आणि लग्नसराईत तिला वरातीपुढं नाचवायचे. आमच्या भागात नुसत्या जमिनीवर नाचणाऱ्या घोडीचं फारसं कौतुक नाही. तिनं बाजेवर चढायचं, चारी पाय तेवढ्याशा जागेत ठेवायचे आणि हलगीच्या ठेक्यावर नाचायचं. त्यासाठी नानांनी सुताराकडून बाभळीच्या जाड फळ्यांची रुंद बाज मुद्दाम करून घेतली होती. हलगी थांबली तरी सगुणा खाली उतरायची नाही. नाना जीभ टाळूला लावून 'टक्' करायचे, मगच उतरायची. त्या 'टक्'ला लोक शिट्ट्या मारायचे.

आमचं भांडण इथंच लागायचं आणि ते अठरा वर्षं चाललं. नाना म्हणायचे, "तिला हौस हाय, बये. हलगी कानावर आली की कान बघ कसं टवकारत्यात." मी म्हणायचे, "नाना, ती भ्यालीय. शिकवताना काठी कुणी धरली होती?" यावर ते चिडायचे. "दाखवली फकस्त. मारली न्हाई कवा." मी म्हणायचे, दाखवली म्हणजे झालंच की. मग ते तंबाखूची चिमूट दाढेला धरायचे आणि मी सांगलीची एसटी पकडायची वेळ झाली की दारापर्यंत येऊन म्हणायचे, "सकाळच्या रपेटीला तर ती मलाच वडत न्हेती. ते बी भ्यानंच व्हय?"  मी स्वतः पाहिलं होतं, नाना खोगीर घेऊन निघाले की दावणीवरून ती मान लांब करून खिंकाळायची. पण मी कसली हार मानते! भांडखोर आहे मी, आणि ते नानांचंच वळण.

मग नानांना झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा टणक, रुंद बाज हवी होती, घरात तशी एकच होती. फळ्यांवर सगुणाच्या नालांचे खड्डे पडलेले, त्यावर गादी टाकली. पडवीत बाज, समोर अंगणात सगुणा दावणीला. दोघंही दिवसभर एकमेकांकडं बघत. पहिल्या आठवड्यात मी जेवण भरवत होते, तर नाना डाव्या हातानं फळीची कड चाचपत म्हणाले, "लय बारीक हाय गं ही." मला आधी कळलं नाही. "काय बारीक, नाना?" "जागा," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकच धोशा लावला. मरायच्या आधी त्यांना खरं काय ते कळायला हवं होतं. आपण जिला जन्मभर लेकीसारखं मानलं तिला मजा येत होती, की आपण नुसती तिची मजा बघितली? दिवाळीत मी गेले तेव्हा त्यांनी फर्मान सोडलं. त्यांना खाली जाजमावर निजवायचं, बाज अंगणात ठेवायची, सगुणाचं दावं काढायचं, फाटक सताड उघडायचं, काठी कुणाच्या हातात दिसता कामा नये, आणि त्यांचा जुना जोडीदार दादू यानं हलगी वाजवायची. मनात आलं तर चढंल, न्हाईतर जाईल रानात.

दादूनं हलगीवर थाप मारली. सगुणा उघड्या फाटकाकडं बघत होती. ती वळली, चालत बाजेपाशी आली आणि चढली. नाचली. म्हातारी झालेली, तरी एक पाय बाहेर गेला नाही. सुभाष म्हणाला, "बघा नाना, हौसच हाय की." नानांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते हसत होते. मला वाटलं, जाऊ दे, मी हरले, बरं झालं.

हलगी थांबली. सगुणा उभी. नानांनी 'टक्' करायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. अर्धी जीभ लुळी. पुन्हा केलं, नुसती लाळ गळाली. सुभाषनं 'टक्' केलं, दादूनं केलं, मीही केलं. तिनं कानसुद्धा हलवला नाही. फाटक उघडं, दावं सुटलेलं, कडब्याची पेंढी चार पावलांवर... आणि ती नानांकडं बघत उभी. मागच्या पायांना कापरं भरलं तरी उभीच. "मला न्या," नाना ओरडले. आम्ही त्यांना जाजमासकट ओढत नेलं. त्यांनी डावा हात लांबवून तिच्या पुढच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. तशी ती उतरली.

 नाना म्हणाले, "हौस न्हाई ही. म्या सांगितल्याबिगार उतरायचं न्हाई, एवढंच ठावं हाय तिला." अठरा वर्षांचं भांडण मी जिंकले होते. आयुष्यात मला एवढं वाईट कधी वाटलं नाही. मी म्हटलं, "नाना, रपेट तरी तिला आवडायची." ते म्हणाले, "तू आता माझ्या बाजूनं बोलू नगं." आणि संध्याकाळी आम्ही त्यांना उचलून पुन्हा त्याच बाजेवर ठेवलं. दुसरी बाज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगुणाला रोज नांगरलेल्या रानात सोडायला लावलं. पडवीतून रान दिसायचं. पहिल्याच दिवशी ती ढेकळांत आडवी झाली, चारी पाय वर करून या कुशीवरून त्या कुशीवर लोळली, उठून अंग झाडलं आणि शेपूट वर करून उगाचच बांधापर्यंत धावत गेली. नाना म्हणाले, "ही बघ मजा. मला बघायची ठावंच नव्हती." शेवटचे चार महिने ते तेवढंच बघत होते. जायच्या आधी सुभाषला बजावलं, मी गेल्यावर बाज मोडायची.

दहाव्यानंतर सुभाषनं ती मोडली, फळ्या चुलीत घातल्या. गेल्या शनिवारी मी गावी गेले. सगुणा रानातून आली, पडवीसमोर थांबली आणि दिवाळीत अंगणात बाज ठेवली होती त्या जागी चारी पाय जवळ घेऊन उभी राहिली. सुभाष म्हणाला, रोज असंच करते. भिते म्हणावं तर भिववणारं कुणी उरलं नाही, हौस म्हणावी तर हलगी नाही. नानांना विचारलं असतं, तर पुन्हा भांडलो असतो. अंधारून आलं तरी ती रिकाम्या जमिनीवर तशीच उभी होती. शेवटी मी गेले, तिच्या पुढच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. तेव्हा तिनं पाऊल बाहेर टाकलं.