तोलेगेनचे पाहुणे

कझाकस्तानात सेमेई शहरापलीकडच्या आमच्या डोंगराच्या पोटात सोव्हिएतांनी अणुस्फोट केले आणि एक दिवस गाशा गुंडाळून निघून गेले. बोगद्यांत बॉम्बच्या कामाचा माल उरला होता. तो कुणा माथेफिरूच्या हाती पडू नये म्हणून आमच्या सरकारने बोगद्यांची तोंडं बुजवली आणि राखणीला आमचा शेजारी तोलेगेन नेमला. तांब्याच्या तारा चोरायला येणाऱ्या पोरांना तो असा पिटाळायचा, की त्यांच्या आया भांडायला यायच्या.

पाहुणा दिसला की मात्र गडी विरघळायचा. आमच्यात दारी आलेला अनोळखी माणूस देवाचा पाहुणा. त्याला नाव, गाव, काम विचारायचं नाही. तो सांगेल तेवढं ऐकायचं. एका हिमवादळात जीपमधून दोघं आले. तोलेगेनने मेंढा कापला, मुंडकं मानाने त्यांच्यापुढं ठेवलं.

"अहो, जीपमध्ये पहारी आहेत. कुठं निघालेत, विचारा तरी," त्याची बायको कुल्याश कुजबुजली.

"गप बस! बापाने कधी विचारलं नाही, मी विचारू? लोक तोंडात शेण घालतील."

वादळ ओसरल्यावर पाहुणे दुवा देऊन गेले. पुढच्या फेरीत तोलेगेनला मागचा बोगदा फोडलेला दिसला. माल नाहीसा झाला होता.

"नावं काय त्यांची?" चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं.

"पाहुण्याला विचारतात का, साहेब?"

साहेबही कझाकच. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

नोकरी गेल्याचं तोलेगेनला काही वाटलं नाही. पण रेडिओवर कुठल्याही देशातल्या स्फोटाची बातमी आली की तो पांढराफटक पडायचा, माझ्याकडे धावत यायचा. "साधा बॉम्ब होता, दादा, साधा," मी सांगायचो. त्याला धीर देण्यापायी मी मेलेल्या माणसांचं दुःख हलकं करायचो, याची मला लाज वाटायची.

गेल्या हिवाळ्यात वाट चुकलेला एक म्हातारा त्याच्या दारी आला. तोलेगेनने उंबऱ्यावरच अडवलं. "नाव काय? कुणाचा कोण? पोत्यात काय आहे?"

म्हाताऱ्याने पाठ फिरवली आणि बर्फातून माझ्या घरी आला. चहा घेताना त्याने झालेला अपमान सांगितला.

मागोमाग कुल्याशने नवऱ्याला ओढत आणलं. तोलेगेन म्हाताऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात धरून रडला, "बाबा, माफ करा," म्हणाला. आणि नजर सगळा वेळ त्या पोत्यावर.