चपलेची खूण

सोमवारी नावड्याच्या नव्या गोदामात हमालीच्या कामावर हजर व्हायचं होतं. नववीत शाळा सोडलेला मी, गाव साताऱ्याकडं. या गोदामात टिकेन का, हीच धास्ती होती. रविवारी टेनिस बॉलची मॅच बघत बसलो. दर रविवारी वेगळ्या गावाकडून खेळणारा एक बॉलर शेजारी जर्सी बदलत होता.

"दादा, नव्या टीममध्ये भीती नाही वाटत?"

"वाटतं ना. पन मैदान कोनाचा बी असूदे, पावलां माजीच हायत."

त्यानं स्टंपापासून सोळा पावलं मोजली आणि खुणेला स्वतःची चप्पल ठेवली. पहिल्याच बॉलला सिक्स बसला. तो हसत परत चपलेपाशी गेला.

सोमवारी दारातून आत नेताना पहिलाच खोका माझ्या हातून पडला. त्या बॉलरची आठवण काढली, खोका उचलला आणि पुन्हा दारापासून निघालो.