दादाचं तळं आणि पॅसिफिकचे वारे

माझा थोरला भाऊ कारखान्यातून रिटायर झाला आणि त्यानं कुंडम गावाजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर माशांसाठी तळं खणलं. मी शाळेत भूगोल शिकवते, एवढाच माझा गुन्हा.

पहिल्या वर्षी त्यानं जुलैत रोहूची पिल्लं सोडली. ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, पाणी घोट्याला आलं. तो शहरात, सदर भागातल्या माझ्या घरी आला आणि चहाला हातही न लावता म्हणाला, "काहून गं, पाऊस कुठं अडून राहिला?"

मी नकाशा काढला. पॅसिफिकवरचे वारे एरवी गरम पाणी आशियाकडे ढकलतात. काही वर्षांनी ते ढिले पडतात, गरम पाणी उलट पेरू देशाकडे पसरतं, ढगही तिकडे सरकतात आणि आपला मान्सून बहुतेकदा अशक्त होतो. हाच एल निनो.

"पेरू कुठं, कुंडम कुठं! पोरांना हेच शिकवतेस?"

त्याचे मासे मेले.

पुढच्या वर्षी वारे पुन्हा जोरात होते. "पाऊस चांगला होण्याची शक्यता आहे," मी म्हटलं. 'शक्यता' त्यानं ऐकलंच नाही, दुप्पट पिल्लं सोडली. बांध उंच कर, जाळी लाव, असं मी तीनदा सांगितलं. "तू फक्त वारे सांग," तो म्हणाला.

तीन दिवस संततधार लागली. तळं फुटून मासे शेजारच्या धानात गेले. आम्ही दोघं गुडघाभर चिखलात टोपल्या घेऊन उभे, आणि शेतवाली बाई हसून म्हणते, "दीदी, इस बार तो खेत में मछली उगी है!"

दादा माझ्यावरच ओरडला, "तुझा समुद्र देतच नाही, नाहीतर असा देते!"

"माझा समुद्र? मी तापवला का त्याला?" मी टोपली आपटली.

तो बांधावर बसला. म्हणाला, "मग विचारू तरी कोणाला?"

खाली बसून मी मासे वेचू लागले.

यंदा टीव्हीवर एल निनोची बातमी आली आणि लगेच त्याचा फोन आला. मी सांगितलं, हिंदी महासागराची पश्चिम बाजू गरम राहिली तर पाऊस सावरूही शकतो, आधी तसं झालंय.

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की काहीच नाही, दादा."

त्यानं फोन आपटला. संध्याकाळी वहिनीनं सांगितलं की त्यानं निम्मीच पिल्लं मागवलीत, आणि बांधाला जाळी लावून राहिलाय.