आधी सांगायचं, मग पाणी

निकम सरांना जाऊन पाच आठवडे झाले. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात, त्यांच्याच केबिनबाहेर बसलो होतो. "हे गेले रे," एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की सुटलो, आता सरांना सांगायला नको... त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आमची नाशिकची सॉफ्टवेअर कंपनी वीसेक माणसांची होती तेव्हापासून सर एचआरला. तेव्हा काम होतं माणसं घ्यायचं. दिंडोरी-चांदवडची पोरं मुलाखतीत इंग्रजीला अडखळायची; सर म्हणायचे, मराठीत बोल बाबा, घाई कुणाला आहे. मलाही त्यांनी असंच घेतलं, स्वतःच्या हाताखाली. पुढे कंपनी विकली गेली आणि वरून माणसं काढायच्या याद्या येऊ लागल्या. इथली पोरं नोकरी गेल्याचं घरी सांगत नाहीत, रोज डबा घेऊन निघतात आणि गोदाघाटावर बसून राहतात, हे सरांनी पाहिलं होतं. म्हणून ते स्वतः घरी जाऊन सांगायचे. वरिष्ठ वैतागायचे, पण सर ऐकतील तर शपथ.

एकदा सिन्नरला एका इंजिनिअर मुलीकडे आम्ही दोघं गेलो. साहेब घरी आले म्हणजे पोरीला बढती मिळाली, असं तिच्या वडिलांना वाटलं. पाणी झालं, चहा झाला, शेजारी जमले. टॉवेल-टोपी आली, नारळ आला. सरांच्या डोक्यावर टोपी ठेवून ते म्हणाले, "साहेब, लय उपकार झाले." आम्ही न सांगताच परतलो आणि दुसऱ्या दिवशी मुलीला ईमेलने कळलं. तिने सरांचा फोन पुन्हा कधीच उचलला नाही. तेव्हापासून त्यांचा एकच नियम होता: "आधी सांगायचं, मग पाणी प्यायचं." त्यानंतर कितीतरी घरांतून आम्ही तहानलेलेच बाहेर पडलो.

या वेळच्या यादीत सरांचंच नाव होतं आणि सांगायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी आणलं आणि मी मूर्ख, घटाघटा प्यायलो. मग पोहे, चहा, गुडघेदुखीच्या गप्पा... दोन तास बसलो. सर दारापर्यंत आले. फार थकलेले दिसत होते. मी चपला घालत असताना म्हणाले, "पाणी प्यायलास तेव्हाच कळलं मला. जा निवांत." तरीही मी तसाच निघालो. उद्या बोलू म्हणत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी काकूंचा तो फोन आला.

गेल्या आठवड्यात केबिन आवरताना खणात सिन्नरची ती पांढरी टोपी सापडली, घडी घातलेली. ती द्यायला काकूंकडे गेलो. आत ये म्हणाल्या, पण मी उंबऱ्याबाहेरच थांबलो आणि सगळं सांगितलं. यादी, सरांचं नाव, माझा भित्रेपणा. काकू चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. टोपी हातात घेतली, एकदा उलगडली, पुन्हा घडी घातली. मग आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आल्या.

"घे," म्हणाल्या. "आता पी."