होडीतला चौथा

कोणी 'तो काळच तसा होता' म्हणालं की माझं डोकं फिरतं. काळाने काय केलं? काठावरचा दगड उचलून होडीत ठेवला तो माझ्या बाबांनी. मी समोरच बसले होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं घर खाडीच्या अगदी काठाला. मागच्या दारी उभं राहिलं की पाण्यापलीकडे, वरच्या अंगाला कुड्याचा डोंगर दिसायचा आणि त्याच्या कमरेला लेण्यांची काळी भोकं. पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं गावात सगळे सांगत. आई लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा मासळी विकायला येणाऱ्या एका कोळणीने तिला सांगितलं होतं, की तिथे दारातच दगडाचा हत्ती आहे. आईने जन्मात हत्ती पाहिला नव्हता. मागच्या दारी भांडी घासायला बसली की तिचं तोंड त्या डोंगराकडे असायचं. "येकदा तो हत्ती बघायचा हाय," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता. मी शाळेत जायला लागले, चांगली अकरा-बारा वर्षांची झाले, तरी ते 'बघू' चालूच होतं.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. काका त्या उन्हाळ्यात मुंबईहून आला. तो गोदीत कामाला होता, अजून लग्न व्हायचं होतं, आणि गावात आला की त्याच्या अंगात भलताच उत्साह संचारायचा. "वैनी, ह्या टायमाला जायाचंच," त्याने जाहीर केलं. बाबा, काका, आई आणि मी. शेजारच्या कोळ्याची लहान होडी मागायची, वल्ही बाबा आणि काका मारणार. चौघंच. मला तर त्या रात्री झोप आली नाही.

बेत करायचा म्हणजे आधी पाणी बघायचं. सकाळी भरतीबरोबर खाडीत वर जायचं, दुपारी पाणी फिरलं की ओहोटीबरोबर खाली यायचं. नाहीतर हात मोडेपर्यंत वल्ही मारा, नाहीतर तिवरांच्या चिखलात रुतून बसा. हे जमतं पुनवेच्या नाहीतर अवसेच्या सुमाराला. अवस जवळ आली की आमच्याकडे कोणी असल्या कामाला बाहेर पाऊल टाकत नाही. चैत्रातली पुनव गावच्या मारुतीच्या उत्सवात गेली. उरली वैशाखातली. त्यानंतर पाऊस, होड्या वर ओढायच्या, आणि काकाही मुंबईला.

म्हणजे एकच दिवस. आई त्या दिवसाच्या मागे हात धुऊन लागली. त्या सुमाराला आपण बाहेरच्या होणार नाही ना, हे तिने बोटांवर पुन्हापुन्हा मोजून पाहिलं, कारण तसं झालं असतं तर होडीत काय, घरातही जागा नव्हती. शेजारणीला गुरांचं सांगून ठेवलं, त्या बदल्यात तिचं दोन पायली भात कांडून दिलं. दाराच्या कडीचं, कोंबड्यांचं, तुळशीच्या पाण्याचं, सगळ्याचं तिने ठरवलं. पुरुषांचा बेत म्हणजे ओटीवर बसून विडी ओढत केलेल्या गप्पा. खरा बेत आईने केला, आणि तोही भात लावणी सोडून वर्षाचं उरलेलं सगळं काम सांभाळत.

पुनवेच्या सकाळी तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, जवळ्याची चटणी केली, कांदे आणि कैऱ्या बांधल्या. मग ट्रंकेतलं लग्नातलं लुगडं काढून नेसली. मी आईला दिवसाढवळ्या, सणावाराशिवाय, त्या लुगड्यात पहिल्यांदा पाहत होते. तिने केसांना तेलही लावलं होतं. काठावर पोचलो. मी होडीत चढले, काका चढला. आई लुगडं वर खोचून पाण्यात पाय घालणार, तोच बाबा म्हणाले, "तू ऱ्हा घरी. आक्का यायची हाय."

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, म्हसळ्याच्या बाजूला दिलेली. निरोप आदल्या दिवशीच बाजारात मिळाला होता. बाबांनी तो पोटात ठेवला. का ठेवला? आदल्या दिवशी सांगितला असता तर पहाटे भाकऱ्या कोणी भाजल्या असत्या? हे मी त्यांना कधी विचारलं नाही, पण मला दुसरं कारण आजवर सापडलेलं नाही.

"शेजारीण जेवाय वाढंल की वन्संना," आई म्हणाली.

"बहीण माह्यारी यावी आन् घराला कडी?" बाबा म्हणाले. झालं. संपलं बोलणं.

आईने डोक्यावरचं भाकऱ्यांचं फडकं उतरवून माझ्या हातात दिलं. तेवढ्यात काकाच्या लक्षात आलं. "दादा, आता आपुन तिघंच. तिघांनी निगू नये."

हे आमच्याकडे सगळेच पाळतात. तिघं मिळून कुठल्या कामाला निघत नाहीत, काम फिसकटतं. चौथं कोणीतरी लागतं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देवच पावला! तिने एक पाऊल पाण्यात टाकलंसुद्धा. चौथं माणूस समोर उभं होतं, तेल लावून, लग्नातलं लुगडं नेसून.

बाबा वाकले. काठावरच्या चिखलातून नारळाएवढा एक दगड उचलला, पाण्यात खळबळून धुतला, आणि जिथे आई बसणार होती त्या फळीवर ठेवला. "हा चवथा," ते म्हणाले, आणि होडी ढकलली. काका हसला. त्यांना दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याचाच मला अजून संताप येतो. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

हत्ती होता. मी त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतला, कारण घरी कोणीतरी विचारणार होतं. बाबा आणि काका लेण्याच्या सावलीत बसून भाकऱ्या खात होते. काकाने चटणीची तारीफ केली. मी माझी भाकरी तशीच फडक्यात परत बांधली. "ऊन लागलं पोरीला," बाबा म्हणाले.

संध्याकाळी आई काठावर आली होती, रोजच्या लुगड्यात. "केवढा हाय?" तिने मला विचारलं. मी हात पसरले, वर केले, पण ते काही सांगता येईना आणि मला रडू फुटलं. आक्का आली नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पार पाऊस सरेपर्यंत नाही. तिच्यासाठी केलेलं कालवण रात्री आम्हीच खाल्लं. होडी रिकामी करताना काका तो दगड पाण्यात टाकायला निघाला, तर आईने तो हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. हत्ती बघून आलाय तो," म्हणाली. घरी आणून तिने तो मागच्या दाराला अडसर म्हणून लावला. पुढे कितीतरी वर्षं आमचं दार त्या दगडाने अडवलेलं असायचं आणि बाबांना त्याची ठेच लागायची.

मी शिकले, अलिबागला शाळेत नोकरीला लागले. तोवर खाडीला वळसा घालून एसटी जाऊ लागली होती. एका सुट्टीत घरी गेले आणि आईला म्हटलं, "उद्या कुड्याला जायचं. पाणी बघायला नको, पुनव बघायला नको." आई लगेच तांदळाचं पीठ चाळायला बसली.

सकाळी निघायच्या वेळी बाबाही धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार. म्हातारे झाले होते, काठी लागत होती. दारापर्यंत आले आणि थांबले. "तिघं होतोय," ते म्हणाले, आणि इकडेतिकडे बघत मागच्या दाराच्या त्या दगडाकडे वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच आई बोलली.

"तुमी घरी ऱ्हावा. वन्सं यायच्या हायत."

बाबांना कळेना. "आक्का? आगं, आक्का जाऊन दोन वर्सं झाली."

"त्या दिसाच्या अजून यायच्या हायत," आई म्हणाली. तिने फडकं उचललं आणि उंबरा ओलांडला. एसटीत बसल्यावर मी ते सोडून पाहिलं. भाकऱ्या तिने दोघींपुरत्याच केल्या होत्या.