बाई, वाक्य घ्या

सगुण गेल्याची बातमी माझ्याकडे हसत आली. गावच्या ग्रुपवर कुणीतरी त्या जुन्या विनोदी सिनेमातला तुकडा टाकला होता... साडीतला सगुण, चिकटवलेली मिशी, तोंडभर फासलेली लिपस्टिक, आणि नायक त्याला चप्पल मारतोय. खाली जोडलेले हात, ‘आमची मिशीवाली गेली’, आणि ओळीनं हसरे चेहरे. महिना झाला, माझा राग उतरत नाही. उतरूही नये, कारण त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

सगुण डिचोलीत ब्लाउज शिवायचा आणि पेडण्यापर्यंतच्या उत्सवी नाटकांत राणी व्हायचा. मी त्याच मंडळींचा प्रॉम्प्टर. कसला प्रॉम्प्टर! एकदा दोन पानं एकदम उलटली आणि लग्नाआधीच राजपुत्राचं बारसं आलं. सगुण नुसता पदराआड लाजला आणि टाळी घेऊन गेला. आमच्या रंगपटात एक रीत होती. राणीच्या कपाळी कुंकू लागलं की तिला नावानं हाक मारायची नाही. ‘बाई’ म्हणायचं, विडी लपवायची, उठून उभं राहायचं.

मांद्र्याला मुंबईचे सिनेमावाले आले, त्यांना साडीतला पुरुष हवा होता. सगुणला मीच नेलं, मिरवत नेलं. तो पदर सावरत आला तशी बघायला जमलेल्या बायकांनी सरकून वाट दिली. दिग्दर्शक वैतागला. “अहो, इतकं चांगलं नको. लोक हसले पाहिजेत. मिशी लावा, वाकडं चाला.”

सगुण माझ्याकडे वळला. “मी बाई करतंय रे. बाईची मस्करी नाय.”

“कर रे! सिनेमा आसा तो. अमर होतलंस!”

झाला ना अमर! थिएटरात त्याच्या शेजारी बसून सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. आज तोच सिनेमा बघतो तेव्हा दात आवळले जातात. त्यात गोंयकार म्हणजे बाटली, काळी बाई म्हणजे विनोद, आणि साडीतला पुरुष म्हणजे चप्पल मारायची सोय. टीव्हीवर अजून ‘निखळ करमणूक’ म्हणून लागतो. निखळ? कुणाच्या जिवावर?

पुढच्या उत्सवात राणी मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मागून आरोळी आली, “मिशीवाली!” हशा उसळला. सगुण थांबला, पण ढळला नाही. मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिला. ती जागा तो सावरणार होता, हे मला आता कळतं. मी मात्र घाबरून विंगेतून ओरडलो, “सगुण! सगुण, वाक्य घे!”

त्यानं प्रेक्षकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पदरानं कुंकू पुसलं, आत आला, अंबाड्याचा आकडा काढून माझ्या संहितेच्या त्या पानात खोचला. मग कधी साडी नेसला नाही... जन्मभर दुसऱ्यांचेच ब्लाउज शिवले, आणि दुकानावरून जाणारे बाप्ये ‘मिशीवाली’ म्हणत राहिले.

शोकसभेला देवळाच्या मंडपात तोच तुकडा दाखवायला पडदा लावला होता. सगुणची बायको, सुमतीवहिनी, माझ्याजवळ आली. “भाऊजी, तेवढां दाखवू नकात.”

मी अध्यक्षांना सांगितलं. “अरे, लोकांका हसत निरोप देवंदे!” म्हणाले, आणि तुकडा सुरू झाला. मी धावत जाऊन वायर ओढली. अर्थात चुकीची. पडदा, पंखे, माइक, सगळंच बंद. माझ्या आयुष्यातला एवढाच घोळ मला अभिमानानं मिरवता येईल.

संध्याकाळचा उजेड होता. मी पिशवीतून संहिता काढली. ती त्याच पानावर उघडते. आकडा गंजून कागदाला चिकटलाय. वहिनींनी आणलेल्या फोटोत सगुण राणी होता, कपाळी कुंकू.

“बाई,” मी म्हणालो, “वाक्य घ्या.” आणि राणीचं ते राहिलेलं वाक्य हळू आवाजात दिलं. वाक्य दिल्यावर प्रॉम्प्टरनं थांबायचं असतं. मी थांबलो.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या नटानं हातातली न पेटवलेली विडी खिशात लपवली, आणि तो उठून उभा राहिला.